बोरिंगचं नितळ पाणी, वर्गातली काळी बाटली

‘शुद्ध पाणी’ हा धडा वाचून दाखवता येतो, किंवा पोरांना घरचं पाणी बाटलीत आणायला सांगता येतं. वरोरा परिसरात दुसरा मार्ग बरा. पाण्याबद्दलच्या घरोघरच्या समजुती वर्गातच पारखल्या जातात.

गैरसमज : बोरिंगचं पाणी नितळ, म्हणजे शुद्ध.
वस्तुस्थिती : वरोऱ्यासह चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात जास्त फ्लोराइड आढळलं आहे. ते खडकांतल्या खनिजांतून उतरतं. त्याला ना रंग, ना वास. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जास्त असलेलं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की दातांवर खडूसारखे, पुढे तपकिरी डाग पडतात. पाणी तपासायच्या संचातलं रसायन नमुन्यात टाकल्यावर येणारा गुलाबी रंग फ्लोराइड वाढेल तसा पिवळट होतो. मुलांनी तो रंगपट्टीशी जुळवायचा.

गैरसमज : उकळलं की सगळे दोष गेले.
वस्तुस्थिती : जंतू मरतात, फ्लोराइड राहतं. पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवा, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा लिहा. पाणी निम्मं आटवा, गार करून पुन्हा मोजा : आकडा जवळपास दुप्पट. वाफ उडाली, क्षार मागे उरले. फ्लोराइडचंही तसंच.

गैरसमज : तुरटी फिरवली की काम झालं.
वस्तुस्थिती : तुरटीमुळे गाळाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, सगळे जंतू जात नाहीत. नितळलेलं पाणी जिवाणू-तपासणीच्या बाटलीत भरून उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत ते काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता असते. बाटली मुलांनी उघडायची नाही. असे जंतू मारायलाच विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतात. गंमत अशी, की नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटीच फ्लोराइडही कमी करते, पण चुना आणि ब्लिचिंग पावडरीसोबत, आणि पाणी तपासून ठरवलेल्या मापात.

गैरसमज : हा सगळा पोरखेळ.
वस्तुस्थिती : २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना अशाच संचांचं प्रशिक्षण देतात. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत जातो. वर्गातही तीच शिस्त हवी. वहीत ‘पाणी खराब’ एवढ्यानं भागत नाही. कोणती बोरिंग, कोणती तारीख, आकडा किती, हे लिहावं लागतं. तेवढं लिहिलं, की ग्रामसभेत विचारायचा प्रश्न तयार असतो.