पेशींनी धाडलेली पुरचुंडी : प्रतिकारशक्तीच्या नव्या उपचारांविषयी

घाटकोपर, भांडुप, मुलुंड या भागांतील कर्करुग्णांचे नातेवाईक अलीकडे आमच्याकडे 'एक्सोसोम'च्या इंजेक्शनाविषयी वारंवार विचारणा करतात. काहींनी त्यासाठी दागिने मोडण्याची तयारीही केलेली असते. त्यामुळे या विषयाची वस्तुस्थिती त्यांच्यासमोर, तसेच आमच्या देणगीदारांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी सूक्ष्म पुटिका बाहेर सोडीत असते. त्यांतील एक्सोसोम नावाच्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८३ मध्ये मेंढीच्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशींत त्या आढळल्या, तेव्हा पेशी आपला केर बाहेर टाकीत असावी असाच समज झाला. पुढे १९९६ मध्ये बी-पेशींच्या पुटिका टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या शिपायांना, जागे करू शकतात असे दिसून आले. केराची टोपली म्हणून ज्यांना हिणवले, त्या निरोपाच्या पुरचुंड्या निघाल्या!

टी-पेशींवर आधारलेला एक सिद्ध उपचार आपल्या शेजारी, पवईलाच आकारास आला आहे. आय.आय.टी. मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या 'नेक्सकार १९' या कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, निष्प्रभ केलेल्या विषाणूद्वारे त्यांत नवे जनुक घालून, त्या वाढवून परत देतात. उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांसाठी तो आहे. सर्व कर्करोगांसाठी नव्हे. खर्च परदेशाच्या सुमारे दशांश असला, तरी तो लाखांतच आहे. शिवाय या जिवंत पेशी शरीरात वाढतात, आणि प्रतिकारशक्तीचा भडका उडून तीव्र ताप, रक्तदाब घसरणे असे धोके संभवतात.

येथेच संशोधकांना पुटिकांचे आकर्षण वाटते. पुटिका जिवंत नसते, ती वाढत नाही. मात्रा ठरवता येईल, गोठवून साठवता येईल, अशी आशा आहे. कार-टी पेशींच्या पुटिकांनी प्राण्यांतील प्रयोगांत गाठींची वाढ रोखल्याचे दिसले आहे. मात्र यकृत व प्लीहा त्या फार लवकर रक्तातून काढून टाकतात, आणि प्रत्येक वेळी एकसारख्या पुटिका मोठ्या प्रमाणावर बनविणे हे अद्याप जिकिरीचे काम आहे. फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांचा आजार चार महिने तरी स्थिर राहावा असे उद्दिष्ट होते. ते सात रुग्णांतच साधले.

कर्करोगावर मान्यताप्राप्त असे एक्सोसोम औषध आज भारतात वा अमेरिकेत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर डिसेंबर २०१९ मध्ये अशा विनामान्यता उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. म्हणून बाहेर कोणी असे इंजेक्शन सुचविल्यास पैसे भरण्यापूर्वी त्याचे लेखी मान्यतापत्र मागावे आणि ते आमच्या डॉक्टरांना दाखवावे. नोंदणीकृत चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून औषधाची किंमत मागितली जात असेल, तर तेथेच थांबून चौकशी करावी. कार-टी उपचारास रुग्ण पात्र ठरेल किंवा कसे, हे बायोप्सी व रक्त तपासणीचे जुने सर्व अहवाल पाहूनच सांगता येते. तेव्हा ते सोबत आणावेत. मदतनिधीचे अर्ज आमच्या समाजसेवा विभागात भरून घेतले जातात.