कुकर बदलण्याआधी पाणी बघा

लग्नसराई जवळ आली की नांदेडच्या वजिराबादेत काय आणि लातूरच्या गंजगोलाईत काय, भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ‘जुना कुकर द्या, नवा घेऊन जा’ ही पाटी वाचली की आपला दहा वर्षांचा कुकर एकदम डोळ्यांत खुपायला लागतो. त्यातून वरण नीट शिजत नसेल, पाच-पाच शिट्ट्या करूनही वर पाणी आणि खाली दाणे अशी गत होत असेल, तर विचारायलाच नको. कुकर गेला, असं ठरवून आपण मोकळ्या होतो.

पण मैत्रिणींनो, जरा थांबा. दोन-तीन हजारांची नोट मोडण्याआधी एवढं तरी बघा, की दोष कुकरचा आहे का दुसऱ्याच कुणाचा.

आपल्याकडे हे नेहमी घडतं. नांदेडची मुलगी लातूरला दिली. माहेरी नळाला विष्णुपुरीच्या धरणातलं गोदावरीचं पाणी, सासरी घरामागचा बोअर. माहेरी तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होणारी डाळ सासरी दाताखाली येते. सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत, पण डाव घालून वरण ढवळून बघतात. आणि ते न बोलणंच जास्त लागतं. मग पहिल्या सणाला माहेरून नवा कोरा कुकर येतो. चार दिवस सगळे कौतुक करतात, आणि पाचव्या दिवशी वरण पुन्हा तसंच! बिचारीला कोण सांगणार, की यात तिच्या हाताचाही दोष नाही आणि कुकरचाही नाही. दोष पाण्याचा आहे.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि डाळ गळते. जड पाण्यातले क्षार नेमके त्या पेक्टिनला धरून ठेवतात. मग शिट्ट्या कितीही करा, गॅस जळतो आणि दाणा तसाच राहतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी डाळीला चालेलच असं नाही, बरं का! लातूरकरणींना पाण्याचं मोल निराळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कोण विसरेल? मांजरा धरण आटलं की घरोघरी भिस्त बोअरवर आणि टँकरवर. आज एक पाणी, उद्या दुसरं. आणि वरणही त्याप्रमाणे बदलतं.

तेव्हा एक सोपी परीक्षा करा. एकाच डब्यातली तूरडाळ दोन सारख्या वाट्यांत घ्या. एकीत बोअरचं पाणी घाला, दुसरीत फिल्टरचं किंवा जारचं, आणि दोन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये ठेवा. वाफही तीच आणि वेळही तोच. जारच्या पाण्यातली डाळ मऊ झाली आणि बोअरची टचटचीत राहिली, तर कुकर निर्दोष सुटला! त्या पैशांत दुसरं काहीतरी घ्या. दोन्ही कच्च्या राहिल्या, तर डाळ जुनी असेल किंवा कुकर वाफ धरत नसेल. शेजारणीकडून मूठभर वेगळी डाळ आणून एकदा शिजवलीत की तोही उलगडा होईल.

‘आमच्या लातूरची डाळ आणि ती खराब?’ असं म्हणून रागावू नका. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण उत्तम डाळसुद्धा उष्ण, दमट जागी फार दिवस राहिली की शिजायला हट्टी होते. वर्षाची डाळ भरून ठेवणाऱ्या घरांत हे पावसाळ्यानंतर हमखास जाणवतं.

पाणीच जड निघालं, तर डाळ-भातापुरतं फिल्टरचं पाणी वापरा. ते नसेल तर पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या आणि खाली बसलेला पांढरा साका टाकून वरचं निवळ पाणी घ्या. काही जडपणा त्याने जातो. डाळ अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात भिजवा. आणि चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, कारण आंबटात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. चिमूटभर सोडा घालण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. त्याने डाळ शिजते हे खरं. पण तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व जातं आणि चवही बिघडते. मला विचाराल तर सोड्याचा डबा भज्यांपुरताच असू द्यावा.

आता समजा, दोष खरोखर कुकरचाच निघाला. कडेने वाफ जात असेल आणि शिट्टी नुसतीच फुसफुसत असेल, तर आधी रबर बदलून बघा. रोज वापरात असेल तर रबर साधारण वर्षाने बदलावंच. पुष्कळ ‘गेलेले’ कुकर नव्या रबराने पुन्हा सुरू होतात. तळ फुगला असेल, झाकण वाकलं असेल किंवा कडेला खोच पडली असेल, तर मात्र लोभ धरू नका. कणकेची कड लावून वाफ अडवायची, पत्र्याचा तुकडा बसवायचा, असले उपाय जिवावर बेततात.

नवा घेताना पहिली नजर रंगावर नको, आयएसआयच्या खुणेवर जाऊ द्या. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून ही खूण सक्तीची आहे. कुकरचं मानक आयएस २३४७. खुणेजवळ ‘सीएम/एल’ असा परवान्याचा क्रमांक असतो. मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप फोनवर घेऊन त्यात हा क्रमांक घातला, की परवाना खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. मुलाला किंवा भाच्याला दुकानातच करून दाखवायला सांगा. दुकानदार काय म्हणेल याची भीड नको. मानकाबाहेरचे कुकर विकल्याबद्दल २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाईन बाजारांवरसुद्धा कारवाई केली होती. तेव्हा घरपोच आला म्हणून चांगलाच, असं नाही. आणि बोहारणीकडून साड्यांवर पातेली खुशाल घ्या, कुकर घेऊ नका.

झाकण आतलं घ्यावं का बाहेरचं? यावर बायका तासभर वाद घालू शकतात! आतलं झाकण वाफेच्या दाबाने वर कडेला घट्ट बसतं, वाफ पुरती निवल्याशिवाय उघडतच नाही. म्हणून घाईच्या बायकांना ते बरं. पण तिरकं करून आत घालायची हातोटी लागते, म्हाताऱ्या हातांना ते जड जातं. बाहेरच्या झाकणाच्या उंच कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे असे डबे एकावर एक सुखाने राहतात. चार-पाच माणसांच्या घरी डब्यांसाठी पाच लिटरचा बाहेरच्या झाकणाचा, आणि खिचडीला किंवा हुलग्याच्या शेंगोळ्यांना तीन लिटरचा आतल्या झाकणाचा, ही जोडी मला पसंत आहे. एकच घ्यायचा असेल तर पाचाचा.

धातूचं म्हणाल तर ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त आणि लवकर तापणारं. पण जड पाण्याने आतून काळं पडतं. तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की काळेपणा कमी होतो. स्टीलचा कुकर काळा पडत नाही, पण महाग. आणि तळ जाड नसला तर खिचडी खाली लागते. इंडक्शनवर चालवायचा असेल तर तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तरच चालेल. मात्र नुसत्या इंडक्शनच्या भरवशावर गॅस सोडू नका. ज्वारीची भाकरी फुगायला जाळच लागतो, आणि वीज गेली की सगळंच ठप्प.

वापरताना शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघावं. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, उघड्या भगुल्यात १०० च्या पुढे जात नाही. सगळी करामत त्या वीस अंशांची. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा. पुढे आठ-दहा मिनिटांत भिजवलेली तूरडाळ होते. मोठ्या आचेवर भराभर होणाऱ्या शिट्ट्यांमध्ये नुसती वाफ आणि गॅस वाया जातो.

झाकणातली शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार बघत जा. डाळीचा फेस, टरफल आणि पाण्याचा क्षार तिथेच अडकतो आणि धोका तिथूनच सुरू होतो. डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये घातले तर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याला शिव्या देऊ नका, त्याने आपलं काम केलेलं असतं. फ्रान्सच्या दनी पापँने १६७९ साली असं वाफेचं भांडं दाखवलं, तेव्हापासून हा व्हॉल्व्ह त्याचा सोबती आहे. बदलताना मात्र त्याच कंपनीचा घ्या. फुटपाथवरचा दहा रुपयांनी स्वस्त व्हॉल्व्ह नको.

रुखवतात आलेले दोन-तीन कुकर माळ्यावर खोक्यात पडले असतील, तर नवा घ्यायच्या आधी तेही उतरवून आयएसआयची खूण बघा. रबर एव्हाना कडक झालं असेल, तेवढं नवं घाला. आणि दुकानातून घेतलात, तर बिलावर मॉडेलचं नाव आणि लिटर लिहून घ्या. रबर आणायला मुलाला पाठवाल तेव्हा हाच कागद त्याच्या हातात द्यायचा.