विश्लेषण : उंची कमी, मैदान ओले, तरीही बास्केटबॉलचा बचाव कसा उभा राहतो?

पावसाळ्यासोबत शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे संघ जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढू पाहतात. परभणीसारख्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात नेमक्या याच दिवसांत उघड्या मैदानावर पाय रुतू लागतात आणि सराव बुडतो. जे काही दिवस हाती येतात, ते बहुतेक बास्केटमध्ये चेंडू टाकण्याच्या सरावात जातात. सांघिक बचावासाठी मात्र बास्केट लागत नाही आणि सुरुवातीला चेंडूही लागत नाही. शाळेच्या सभागृहात किंवा लांब व्हरांड्यातही तो शिकवता येतो. तो कसा?

बचाव म्हणजे नेमके काय?

बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटरचे, बास्केटची कडी ३.०५ मीटर उंचीवर. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू. चेंडू हाती आल्यावर ८ सेकंदांत तो पुढच्या अर्ध्या भागात न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत बास्केटवर टाकावा लागतो. म्हणजे घड्याळ बचाव करणाऱ्याच्या बाजूने असते. चेंडू हिसकावणे हे त्याचे पहिले काम नाही. समोरच्याला २४ सेकंद सोपी संधी मिळू न देणे, हे पहिले काम.

यात पाच जणांच्या तीन भूमिका असतात. एक जण चेंडूवर. चेंडूपासून एका पासच्या अंतरावर असलेले पासची वाट अडवतात. दोन पास दूर असलेले आपला खेळाडू थोडा मोकळा सोडून बास्केटसमोर सरकतात आणि मदतीला तयार राहतात. प्रत्येक पासनंतर या भूमिका बदलतात. चेंडू हवेत असतानाच पाचही जण हलले पाहिजेत. तो पोहोचल्यावर हलणारा उशिरा पोहोचतो.

कबड्डीशी याचे नाते काय?

ही कल्पना मराठी मुलांना नवी नाही. कबड्डीत ३० सेकंदांच्या चढाईत सात जण एका चढाईपटूला तोंड देतात. कोपरारक्षक पाय धरतो तेव्हा कव्हरचा खेळाडू त्याच क्षणी धडकला नाही, तर पकड सुटते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने हेच दाखवले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेल्या अंतिम सामन्यात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालील या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. या संघाचा मोहम्मदरेझा शादलुई हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण मिळवणारा बचावपटू ठरला. पण त्याच्या शेजारी संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री वेळेवर येत होते, म्हणून त्याला पकडीचे धाडस परवडत होते.

फरक एकच, पण मोठा. कबड्डीत धरायचे असते, बास्केटबॉलमध्ये धरले की फाऊल. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले, की पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो. त्यामुळे कबड्डीतून आलेल्या मुलांना पहिली गोष्ट शिकवावी लागते ती ही, की बचाव पायांनी करायचा, हातांनी नाही.

‘शेल ड्रिल’ काय असते?

जगभर सांघिक बचाव ज्या सरावातून शिकवला जातो, तो हा. चार आक्रमक अर्ध्या मैदानात कवचासारखे उभे राहतात, चार बचावपटू त्यांच्यासमोर. पहिल्या टप्प्यात आक्रमक फक्त पास देतात; बचावपटू प्रत्येक पासला जागा बदलतात. प्रशिक्षक मध्येच ‘थांबा’ म्हणतो आणि प्रत्येकाची जागा तपासतो. आपला खेळाडू आणि चेंडू, दोन्ही मान न वळवता दिसतात का, ही कसोटी. दुसऱ्या टप्प्यात एक आक्रमक बास्केटकडे घुसतो. त्याला अडवायला मदतनीस येतो आणि मदतनिसाचा मोकळा झालेला खेळाडू तिसरा बचावपटू सांभाळतो. शेवटी खरा खेळ, पण बास्केट चुकल्यावर परतणारा चेंडू हातात आल्याखेरीज बचाव पूर्ण झाला असे मानायचे नाही.

तासाभराच्या सरावाची वाटणी सोपी आहे. दहा मिनिटे वाकून बाजूला सरकण्याची, दहा मिनिटे धावत जाऊन नेमके थांबण्याची, वीस मिनिटे शेल ड्रिल, दहा मिनिटे प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून परतीचा चेंडू घेण्याची. उरलेल्या दहा मिनिटांत असा सामना, ज्यात गुण फक्त यशस्वी बचावाला मिळतो.

यातून संघ कसा घडतो?

या सरावातला अर्धा भाग बोलण्याचा आहे. ‘चेंडू माझा’, ‘मदत डावीकडे’, ‘मागे आड आहे’ हे सतत ओरडून सांगावे लागते. दहावीतल्या कर्णधारालाही आठवीतल्या मुलीची हाक ऐकावी लागते, कारण मागून तिलाच दिसत असते. अमेरिकेला २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवून देणारे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की संघाची तुलना मुठीशी करत. पाच बोटे सुटी असली तर त्यांत जोर नसतो.

मात्र संस्कृती भाषणांनी येत नाही. संघात काय मोजले जाते, त्यावरून ती ठरते. एनबीएमध्ये ‘ब्लॉक’ची अधिकृत नोंद १९७३-७४च्या हंगामापासून सुरू झाली. त्यामुळे बोस्टन सेल्टिक्सला १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवून देणाऱ्या बिल रसेलने किती फटके अडवले, याचा अधिकृत आकडाच नाही. शालेय सामन्याच्या गुणपत्रिकेतही कोणी किती गुण केले आणि किती फाऊल केले, एवढेच प्रामुख्याने दिसते. मदतीला धावलेली मुलगी त्यात कुठेच नसते. म्हणून राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वेगळी वही द्यावी. हात लागून वळलेला पास, वेळेवर आलेली मदत, पाठीने अडवलेला प्रतिस्पर्धी यांची नोंद त्यात व्हावी आणि सामन्यानंतर आधी तीच वही वाचली जावी. बाकावर बसलेल्यालाही काम मिळते आणि डोळ्यांना बचाव वाचण्याची सवय लागते.

‘झोन’ बचाव सोपा नाही का?

प्रत्येकाने आपापला पट्टा राखण्याच्या झोन बचावाने लहान वयात सामने लवकर जिंकता येतात, कारण त्या वयात लांबून बास्केट होत नाही. पण त्यात मुलांना समोरच्याला अडवण्याची जबाबदारी शिकायला मिळत नाही. जपानने याच कारणासाठी १५ वर्षांखालील गटात झोनवर बंदी घातली. उंचीचे कारण पुढे करणाऱ्यांनीही जपानकडे पाहावे. तुलनेने बुटक्या खेळाडूंच्या त्यांच्या महिला संघाने टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकले.

पणाला काय लागले आहे?

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. ही दारे स्पर्धेच्या पायऱ्या चढणाऱ्यांनाच उघडतात. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या मुलाला रोज लाकडी मैदान मिळाले नाही, तर नेमबाजीत तो मोठ्या शहरातल्या मुलाच्या मागे राहण्याची शक्यता अधिक. हाताचा नेम एखाद्या दिवशी हुलकावणी देतो. पायांची मेहनत आणि मागून येणारी हाक मात्र रोज सोबत नेता येते. त्यामुळे ज्याला लांबून बास्केट करता येत नाही, अशा मुलालाही संघात हक्काची जागा मिळते. पाऊस लागला, तर उद्याचा सराव व्हरांड्यात, चेंडूशिवाय सुरू करता येईल.