आवाजाचा वारसा

आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरात निजामाच्या राजवटीतच नभोवाणी केंद्र निघाले होते. १९५० साली ते आकाशवाणीकडे आले. त्या काळी रेडिओ घरोघरी नसे. मुंबईस कसोटी सामना चालू असला, की ज्या उपाहारगृहात रेडिओ असे, त्याच्या दारापुढे माणसे कान टवकारून उभी राहत. मैदान तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. चेंडू कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. तरीही चौकार गेला की सर्वांचे चेहरे एकदम फुलत आणि फलंदाज बाद झाला की एकदम उतरत. न पाहिलेले दृश्य इतक्या जणांना एकाच क्षणी दाखविण्याची ही किमया धावते समालोचन करणाऱ्या निवेदकाची होती.

धावते समालोचन म्हणजे खेळ चालू असतानाच केलेले त्याचे वर्णन. हे काम वाटते तितके सोपे नाही. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्ये अवघे २२ यार्डांचे अंतर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतच फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्या अवधीत चेंडू कोठे पडला, फलंदाज पुढे सरसावला की मागे हटला, हे निवेदकाने टिपायचे आणि पुढचा चेंडू पडण्यापूर्वी ते सांगून टाकायचे. धावसंख्याही त्याला पुनःपुन्हा सांगावी लागते. कारण नुकताच रेडिओ लावलेल्या श्रोत्यास मागचे काहीच ठाऊक नसते. मराठीत हे काम बाळ ज. पंडित यांनी नावारूपास आणले. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी करंडकाचे सामने खेळलेले होते. फलंदाज, यष्टिरक्षक, षटक, पायचीत असे शब्द मराठी समालोचकांच्या तोंडून खेड्यापाड्यांतही परिचयाचे झाले.

अशी ही कला आईबापांकडून मुलांकडे जाते काय? औरंगाबादच्या हिमरू विणणाऱ्याचा मुलगा मागाच्या खटखटाटात वाढतो. बापामागे माग उरतो, विणलेले वस्त्रही उरते. समालोचकाच्या मागे मात्र काय उरते? त्याचा शब्द उच्चारताक्षणीच हवेत विरून जातो. असे असूनही काही घराण्यांत हा वारसा पुढे चाललेला दिसतो.

दिल्लीचे देवराज पुरी हे क्रिकेटपटू होते आणि आकाशवाणीवरून इंग्रजीत समालोचन करीत. त्यांचे पुत्र डॉ. नरोत्तम पुरी कान, नाक व घसा यांच्या विकारांचे शल्यचिकित्सक झाले आणि वडिलांप्रमाणे समालोचकही झाले. रुग्णांचे कान व घसे तपासणाऱ्या या वैद्याने आपल्या घशाने हजारो कानांची सेवा केली, हा योग मोठा मौजेचा आहे. परंतु वडिलांचा धडा केवळ गिरवून त्यांचे भागण्यासारखे नव्हते. वडिलांचे माध्यम रेडिओ. मुलाच्या काळात दूरदर्शनही आले. रेडिओवर निवेदक गप्प बसला तर श्रोत्यास काही दिसेनासे होते. दूरदर्शनवर प्रेक्षक स्वतःच खेळ पाहत असतो. तेथे बोलण्याइतकेच योग्य वेळी मौन पाळणेही महत्त्वाचे ठरते. काय घडले यापेक्षा ते का घडले, हे तेथे सांगावे लागते.

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण गावसकर पितापुत्रांचे आहे. सुनील गावसकर यांनी १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आपल्या पहिल्याच कसोटी मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि १९८७ साली कसोटी क्रिकेटमध्ये १०,००० धावांचा टप्पा सर्वप्रथम गाठला. त्याच वर्षी निवृत्त झाल्यावर ते समालोचनाकडे वळले. पुत्र रोहन यांना पित्याचे आडनाव मिळाले, पण पित्याची फलंदाजी मिळाली नाही. पिता उजव्या हाताने खेळणारा, तर मुलगा डावखुरा. पिता मुंबईचा, तर मुलाने बंगालकडून नाव कमावले. २००४ साली रोहन भारतातर्फे ११ एकदिवसीय सामने खेळले. त्यांच्या प्रत्येक खेळीची तुलना पित्याशी होत राहिली. पुढे तेही समालोचक झाले. तेथेही तेच आडनाव त्यांच्यासोबत आले.

अमेरिकेत बेसबॉलचे समालोचन करणारे कॅरे घराणे प्रसिद्ध आहे. १९९१ साली शिकागो येथील एका सामन्यात आजोबा हॅरी, पुत्र स्किप व नातू चिप असे तिघेही समालोचन करीत होते. विशेष असे, की आजोबा एका संघाच्या प्रक्षेपणासाठी बोलत होते, तर मुलगा व नातू प्रतिस्पर्धी संघाच्या. नाते घरचे, काम मात्र ज्याचे त्याने करावयाचे.

प्रसिद्ध आडनावामुळे प्रक्षेपणाचे दार लवकर उघडते, हे नाकारता येत नाही. तितकाच गोड गळा असलेला एखादा खेड्यातील मुलगा त्या दारापर्यंत पोचतही नाही. म्हणूनच ज्याला दार उघडे मिळाले, त्याची जबाबदारी दुप्पट असते. सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंची माहिती जमवणे, नावांचे उच्चार घोटणे, आवडत्या संघाचा पराभवही जसाच्या तसा सांगणे, ही शिस्त आडनावाबरोबर आपोआप येत नाही. ती घरात रोज डोळ्यांपुढे दिसली, तरी अंगी बाणवावी ज्याची त्यानेच लागते.

उपाहारगृहाच्या दारात उभ्या असलेल्या त्या श्रोत्याने निवेदकाचा बाप कोण, हे कधी विचारले नाही. त्याचा प्रश्न एकच असे : चेंडू कोठे गेला? जो त्याला नेमके व खरे उत्तर देतो, त्याच्याच आवाजावर तो विश्वास ठेवतो. हा विश्वास वारशाने मिळत नाही. तो प्रत्येक चेंडूगणिक नव्याने मिळवावा लागतो.