गोधडी नव्या कापडाची होत नाही

शाळांमधून ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली मुलांकडून जे करून घेतले जाते, त्यातले बहुतेक महिनाभरात कचऱ्यात जाते. प्लास्टिकच्या बाटलीची फुलदाणी, जुन्या सीड्यांचे तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांची पेनदाणी. मुलांच्या हाताला काम मिळते, हे चांगलेच. पण त्या वस्तूंचे आयुष्य वाढत नाही, त्यांचे कचऱ्यात जाणे फक्त थोडे लांबते. याचे कारण साधे आहे. फुलदाणी होण्यासाठी बाटलीला जुनी असण्याची काही गरज नव्हती. कोरी बाटली कापली असती तरी तशीच फुलदाणी झाली असती. वापराने तिच्यात जो काही बदल झाला, त्याचा पुढच्या कामाला उपयोग शून्य. गोधडीचे तसे नाही. गोधडीला जुने कापड नुसते चालते असे नाही, ते लागतेच. वर्षानुवर्षे नेसून, धुऊन, वाळवून सुती साडीत जे बदल होतात, नेमक्या त्याच बदलांवर गोधडीची ऊब आणि मऊपणा उभा असतो. एखादी जीर्ण वस्तू खरोखर नव्याने जगते की तिची नुसती सोंगे होतात, हे ठरवायचा माझा निकष हाच आहे: तिची झीज पुढच्या कामात उपयोगी पडली का?

कोऱ्या सुती साडीत खळ असते. माग चालताना उभे धागे तुटू नयेत म्हणून ती ताण्याला लावलेली असते, आणि दुकानात कापड भरदार दिसावे म्हणून पुन्हा वरून चढवलेली असते. पहिल्या काही धुण्यांत ती जाते. त्याच धुण्यांत साडी आटते, कारण विणताना ताणून धरलेले धागे पाण्यात आपापल्या मूळ लांबीकडे परततात. कच्चा रंग निघून जायचा तेवढा निघून जातो. पुढची कित्येक वर्षे धोपटणे, पिळणे, दोरीवर उन्हात वाळणे चालू राहते आणि धाग्यांचा पीळ सैलावतो, पृष्ठभागावरचे तंतू सुटे होऊन कापडाला बारीक लव येते. आपण ज्याला विरलेले कापड म्हणतो ते हे. आता गोधडीची गरज पाहा. पाच पदर एकत्र शिवायचे असतील तर त्यातला एकही पुढे आटता कामा नये, नाहीतर एक पदर ओढला जाऊन बाकीच्यांना चुण्या पडतात. रंग उतरता कामा नये, नाहीतर लाल काठ शेजारच्या पांढऱ्या चौकडीवर उतरतो. आणि कापड लवचीक हवे. पांघरुणाची ऊब कापडापेक्षा पदरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. मऊ गोधडी अंगाच्या वळणावर बसते आणि ती हवा धरून ठेवते, खळीचे ताठ कापड अंगापासून उचललेले राहते आणि कडेने गारवा आत येतो. तान्ह्या मुलाचे दुपटे जुन्या लुगड्याचे करायची रीत घराघरांत होती, तीही याच कारणाने. धुऊन धुऊन त्यातले टोचणारे, उतरणारे, आटणारे सगळे आधीच निघून गेलेले असते.

मात्र साडी सगळीकडे सारखी जुनी होत नाही, आणि गोधडीचे खरे कौशल्य इथे आहे. सहावारी साडी आधी विरते ती बसण्याच्या भागात आणि खालच्या कडेला, जिथे निऱ्या पावलांना आणि जमिनीला घासतात. नऊवारीत कासोट्याचा भाग पहिल्यांदा जातो. पदर बराच शाबूत असतो, आणि काठ तर बाकी साडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, कारण तिथे ताण्याचे धागे दाट असतात. जुन्या घरांमधल्या बायकांना हा नकाशा पाठ होता. लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून दोन्ही चांगले तुकडे जोडत. त्याला दंड घालणे म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे आणखी काही वर्षे नेसले जाई. पुढे त्यातून लहान मुलीचा परकर निघे, मग दुपटी आणि बाळोती, मग गोधडी, आणि गोधडीही फाटली की तिचे पोतेरे होऊन घर सारवायला लागे. या उतरंडीत प्रत्येक पायरीला कापड आधीपेक्षा अशक्त आणि आधीपेक्षा मऊ होत गेलेले दिसेल, आणि प्रत्येक पायरीवरचे काम त्या अवस्थेला शोभेल असेच निवडलेले. काय फेकायचे हा प्रश्न त्या हिशेबात सर्वांत शेवटी येतो. या अवस्थेत हे कापड कशासाठी सर्वांत योग्य आहे, हा आधी.

गोधडी शिवायला घेताना पहिला निर्णय उजेडात होतो. साडी उन्हासमोर धरली की पातळ झालेले पट्टे आरपार दिसतात. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हलके ताणले की कोणता भाग अजून टाका धरील आणि कोणता चरचरत फाटेल हे बोटांना कळते. मजबूत भाग वरखाली जातात, विरलेले आत, पोटात. काठ कापून निराळे ठेवतात आणि शेवटी चारी कडांना लावतात, कारण पांघरताना ओढ बसते ती कडेला. मापाचा हिशेबही साडीतच दडलेला आहे. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब. तिच्या तीन घड्या घातल्या की जेमतेम सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन पदर मिळतात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिच्या चार घड्यांत उंच माणसालाही पुरेल असे चार पदर निघतात. म्हणजे एका माणसाचे पांघरूण एका साडीत जवळजवळ तयारच असते. वर शाबूत तुकड्यांचा एक थर घालायचा आणि धावदोरा घालायचा, एवढेच उरते.

हे ‘एवढेच’ मोठे आहे. पदर जमिनीवर अंथरून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना धरून ठेवायचे. ते नीट पडले नाहीत तर पुढची सगळी मेहनत फुगवट्यांत जाते. त्यानंतर जाड सुई आणि सुती दोरा. काही ठिकाणी ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, काही ठिकाणी बाहेरच्या चौकोनापासून सुरुवात करून आत आत जात मध्याला पोचतात. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात ती अशीच कडेकडून आत, आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. आपल्याकडच्या एका गोधडीचा हिशेब मांडून पाहू. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरले तर पावणेचार फूट रुंदीत सत्तावन्न-अठ्ठावन्न ओळी बसतात, प्रत्येक ओळ सहा फुटांची. शिवण झाली शंभर मीटरच्या वर, आणि एक सेंटिमीटरला एक टाका म्हटले तरी दहा हजार टाके. एवढे टाके शोभेसाठी कोणी घालत नाही. विरलेल्या कापडाला स्वतःचा ताण सोसवत नाही, म्हणून तो ताण जवळजवळच्या टाक्यांमध्ये वाटून द्यावा लागतो. एका जागी आतला पदर फाटला तरी ती फाट पुढच्या ओळीशी अडते. ओळी विरळ घातल्या की दोन धुण्यांत आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जमते.

मग मशीनवर का शिवू नये, असे कोणीही विचारील. कोऱ्या कापडाला मशीन उत्तम आहे. पण घरगुती मशीनचे दाते खालचा पदर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो. पाच पदरांत हा फरक साठत जाऊन गोधडी तिरकी होते. त्याहून मोठी अडचण टाक्याची आहे. मशीनचा टाका बारीक, घट्ट आणि एका सरळ रेषेत असतो. विरलेल्या कापडावर अशी छिद्रांची रांग पाडली की ते पुढे त्या रेषेवरच फाटते. हाताचा धावदोरा सैल असतो, कापड हलले की तोही थोडा हलतो. इथे हाताच्या कामाची बाजू मी भावनेपोटी घेत नाही. कापड ज्या अवस्थेत आहे तिला तोच टाका मानवतो.

गोधडीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते; दहा हजार टाके घालणाऱ्याच्या वेळेची किंमत धरली तर गोधडी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. जुने कपडे वाया जाऊ नयेत एवढीच चिंता असेल तर ते पानिपतला जाऊ द्यावेत, असेही म्हणता येईल. हरियाणातल्या त्या शहरात देशविदेशातले जुने कपडे यंत्रांवर पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात. ते काम मोठे आहे, आवश्यकही आहे. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे ते सूत कमजोर आणि खरखरीत होते, आणि त्यात बहुधा दुसरे तंतू मिसळावे लागतात. म्हणजे कातणाऱ्याने, विणणाऱ्याने, रंगवणाऱ्याने केलेले काम आधी मोडायचे आणि मग तेच काम हलक्या प्रतीने पुन्हा करायचे. गोधडी काहीच मोडत नाही. विणलेले विणलेलेच राहते, रंग रंगच राहतो, वीस वर्षांच्या धुण्याने आलेला मऊपणाही तसाच पुढे जातो. वेळेचा आक्षेप याने नाहीसा होत नाही, हे मान्य आहे. पण तुलना करायची तर गोधडीची ब्लँकेटशी करून भागणार नाही. तितके मऊ, घाम शोषणारे, घरी धुता येणारे आणि फाटले तरी ठिगळ घेणारे पांघरूण विकत घ्यायचे झाले तर ते किती स्वस्त मिळते, हे पाहावे लागेल.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. आजच्या कपाटांत सुती साड्या कमी आणि पॉलिस्टर जास्त. पॉलिस्टर विरत नाही. ते वर्षानुवर्षे होते तसेच राहते, आणि नेमके म्हणूनच गोधडीला निरुपयोगी ठरते. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्याच्या गोधडीत घाम अंगावरच राहतो, पदर एकमेकांवरून घसरतात आणि टाके उसवतात. ‘कोणत्याही जुन्या कपड्याची गोधडी करा’ असा सल्ला देणारे या फरकाकडे पाहत नाहीत आणि मग शिवणारीचे कष्ट फुकट जातात. पॉलिस्टरच्या साडीच्या पिशव्या करा, पडदे करा, गच्चीतल्या कुंड्यांवर सावली धरा. झीज ज्याला सुधारत नाही अशा वस्तूचे दुसरे आयुष्य वेगळे असते, आणि काहींचे तर नसतेच, हेही सांगितले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गोधडी गरिबीतून आली, बायकांच्या बिनपगारी दुपारींतून आली. मग आता तिचे गुणगान कशाला? नवे घेण्याची ऐपत नव्हती म्हणून लोक वाकळा पांघरत होते, हे खरेच आहे. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र असे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि त्या वस्त्राकडे पाहून कित्येक दारांतून त्यांना हाकलले गेले असेल हे सांगायला नको. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या त्याही थंडीसाठी आणि गरजेपोटी. 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत त्या मांडल्या गेल्या तेव्हा गुडघ्यांवर विटलेला निळा रंग आणि उसवलेल्या खिशाखाली न विटता राहिलेला गडद चौकोन हेच त्यांतल्या कित्येकींचे सौंदर्य ठरले. गरज वाईट होती म्हणून त्या गरजेतून साधलेले ज्ञान वाईट ठरत नाही. वाईट होते ते एवढेच, की ते ज्ञान एकाच वर्गाच्या आणि एकाच लिंगाच्या माणसांवर ओझ्यासारखे लादले गेले. त्यावर उपाय ते ज्ञान विसरण्यात नाही. धावदोरा हा सर्वांत सोपा टाका आहे. घरातल्या पुरुषांना आणि मुलांना तो एका संध्याकाळी येतो. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी गोधडी शिवून देणाऱ्या बाईला दहा हजार टाक्यांचा मोबदला मोजावा, ब्लँकेटच्या भावाशी घासाघीस करू नये.

आता गोधडीला शहरात पुन्हा मागणी आहे, आणि दुकानांतून कोऱ्या छापील कापडाच्या, मशीनवर शिवलेल्या, आत कृत्रिम कापूस भरलेल्या रजया गोधडी म्हणून विकल्या जातात. त्या सुंदर असतील. त्या घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यासाठी नवे कापड विणले गेले आणि कोणाच्याही कपाटातली जुनी साडी वाचली नाही. गोधडी म्हणून पैसे मोजताना कापड वापरलेले आहे का आणि टाका हाताचा आहे का, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. त्याहून चांगले म्हणजे माळ्यावरचे गाठोडे बोहारणीला देण्याआधी एकदा सोडून पाहावे. कापड ओळखता येत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा: कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती निघाल्या त्या उन्हासमोर धरून पाहा, गरम पाण्यात धुऊन मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवा, आणि काठ कापून बाजूला ठेवा. पाऊस लागण्याआधी पहिल्या दहा ओळी घालून होतील.