आधी ओढाताण, मग भोक

रविवारी मानपाड्याच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्या धुताना एक रिकामी शिंपली हाताला लागली. बिजागरीजवळ एक भोक, इतकं गोल आणि गुळगुळीत की माळेत ओवायला कुणी मुद्दाम पाडलं असावं. मानपाडा रोडवर, एमआयडीसीच्या बाजूला, ओळखीचे एक टर्नर आहेत. त्यांना दाखवली. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "काउंटर मारलंय. स्क्रूचं डोकं बसेल यात."

मला मनातून ते ऑक्टोपसचं काम वाटत होतं. पण काउंटर म्हटलं आणि माझा दावा निकालात निघाला. कडेला असा घसरता उतार ठेवणारी कारागीर वेगळी: चिखलवाळूत राहणारी, गोल चकचकीत शंखाची गोगलगाय, मून स्नेल. आपल्या किनाऱ्यांवर भोकाच्या शिंपल्या सापडतात, त्या बऱ्याचदा तिच्या हातच्या.

ऑक्टोपसचं भोक एवढं देखणं नसतं. बाहेरून जेमतेम एक ते तीन मिलिमीटर, बहुधा लांबट, कडा वेडीवाकडी. आत जाताना निमुळतं होत शेवटी मिलिमीटरभरही उरत नाही. त्यातून मांस काय निघणार? काढायचं नसतंच. ते भोक टोचण्यासाठी असतं.

हत्यार तोंडातच आहे. पोपटासारखी चोच सगळ्यांना ठाऊक असते. चोचीच्या आत कानशीसारखी जीभ, बारीक दातांच्या ओळींची. कवच तीच खरवडते, असं बराच काळ गृहीत धरलं जात होतं. पण जिभेखाली लाळेची नळी जिथे उघडते, तिथे एक छोटा मांसल उंचवटा आहे आणि त्यालाही बारीक दात आहेत. मॅरियन निक्सन यांनी १९७९ मध्ये प्रश्नच टाकला, की या प्राण्याला दुसरी कानस आहे की काय? भोक पाडण्याचं मुख्य काम हा उंचवटा करतो. आपल्या ड्रिलसारखा तो गरगर फिरत नाही, खरवडतो. लाळ कवचाचा चुना सैल करत जाते, ती जणू कूलंटचं काम करते. टर्नरना हे ऐकवलं तर म्हणाले, "कूलंटनं लोखंड विरघळत नाही हो." बरोबर आहे. उपमा तिथे तुटते.

आरपार गेलं की त्याच वाटेनं विषारी लाळ आत सोडायची. शिंपलीची दारं घट्ट धरणारा स्नायू ढिला पडतो आणि दारं उघडतात. म्हणून जागेलाही महत्त्व आहे. भोक बरेचदा नेमकं त्या स्नायूवर पडतं. खेकड्याच्या बाबतीत तर काही जाती कवचाशी झगडत बसत नाहीत, सरळ डोळ्यातून लाळ आत घालतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं, की भोक हा पहिला उपाय नव्हे. आधी चूषकांनी दोन्ही शिंपा पकडून ओढायचं. लहान शिंपली तेवढ्यानं उघडते. मोठी, चिवट निघाली की मग तासन्‌तास खरवडणं. आळशीपणा म्हणा, हिशेबीपणा म्हणा.

जपानमध्ये मोत्यांच्या कालवांना ऑक्टोपस भोकं पाडतो, अशी नोंद १९१६ मधली आहे. पण खरी जुनी नोंद दगडात आहे. हाडं नसलेल्या या प्राण्याचे जीवाश्म दुर्मीळ. त्यानं पाडलेली भोकं मात्र टिकली. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांवरची अशी भोकं २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ठाण्याचा येऊरचा डोंगर ज्या लाव्ह्याचा आहे, तो तेव्हा ओतलाही गेला नव्हता.

"मग तुमच्या आठपायवाल्याचं काम बघायला कुठे मिळेल?" टर्नरनी विचारलं. खाडीच्या चिखलात शोधू नका, म्हटलं. खडकाळ किनाऱ्यावर, मोठ्या ओहोटीला. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७ पासून अशा फेऱ्या काढतात. कपारीच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर वाकून बघायचं. ऑक्टोपस उष्टं दाराबाहेरच टाकतो. ढिगातली एकेक शिंपली उजेडात धरायची, सुईएवढा प्रकाश आरपार येतो का ते पाहायला.

माझी शिंपली त्यांनी परत दिली नाही. ती आता त्यांच्या लेथवर, ड्रिल बिटांच्या डब्यात आहे.