नाताळ जवळ आला, मग छातीत धडधड का?

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल किंवा घरी करंज्या लाटता लाटता ऐकत असाल, तुमचं स्वागत. आजचा विषय आहे नाताळातला ताण.

डिसेंबर लागला की यादी सुरू होते. नवे कपडे, केक, घराची साफसफाई, ऑफिसमधलं सीक्रेट सँटा, क्वायरची प्रॅक्टिस, गावी जायचं तिकीट. त्यात इयर-एंडची डेडलाइन. पगार संपतो, यादी मात्र संपत नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला बसलं की डोक्यात एकच विचार येतो: सकाळी मटण कोण आणणार? मग प्रश्न पडतो, हा वाढदिवस नक्की कुणाचा?

थोडं मुळाशी जाऊ. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. अर्थ आहे जन्म. लूकच्या शुभवर्तमानात ही जन्मकथा वाचून बघा, तिथे निवांतपणा कुठेच नाही. सम्राट ऑगस्टसनं नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघाले. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. पोचल्यावर उतरायला जागा नाही. बाळाला ठेवलं ते गव्हाणीत, म्हणजे गुरांना चारा घालतात तिथे. आणि पहिली बातमी कुणाला मिळाली? रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. नाइट शिफ्टवाल्यांनो, ऐकताय ना?

म्हणजे सगळं घर लख्ख झालं आणि मग प्रभू आला, असं झालेलं नाही. तो गैरसोयीतच आला. तुमचे पडदे धुवायचे राहिले म्हणून त्याचं येणं अडत नाही.

आपण गोठ्याचा देखावा करतो, त्याचीही गोष्ट हीच सांगते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी नाताळाच्या रात्री खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं. हेतू एवढाच, की त्या बाळाचे हाल लोकांना डोळ्यांनी दिसावेत. आज त्याच गोठ्याला कुणाची लायटिंग भारी, म्हणून आपण स्पर्धा लावतो. स्पर्धा जरूर करा, मजा येते. पण गव्हाण कशासाठी आहे ते घरातल्या लहानग्यांना एकदा सांगा.

आता ताणावर चर्चकडे आधीपासून असलेला एक उपाय बघू. तो म्हणजे आगमनकाळ. नाताळाआधीचे चार रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, एकदम चारही पेटवत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये या काळात रविवारच्या मिस्सामध्ये 'ग्लोरिया' म्हणत नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री घुमतं. वाट पाहणं हाच या दिवसांचा अभ्यास आहे. बाजार मात्र नोव्हेंबरातच कॅरल वाजवायला लागतो, म्हणून पंचवीस तारीख येईपर्यंत आपण थकलेले असतो.

आणि पंचवीसला सण संपत नाही, सुरू होतो! परंपरेनं तो ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. मग सगळ्या भेटीगाठी एका दिवसात कशाला कोंबायच्या? मावशीकडे २७ला गेलात तरी तो नाताळच असतो.

करायच्या तीन गोष्टी सांगतो.

एक, खर्चाचा आकडा घरी सगळ्यांनी बसून आधी ठरवा. क्रेडिट कार्डावर घेतलेलं गिफ्ट फेब्रुवारीपर्यंत फेडत बसू नका.

दोन, रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा. लूकमध्ये चोवीस अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचलात तर नाताळच्या आदल्या दिवशी पूर्ण होतो.

तीन, यादीतली एक गोष्ट खोडा आणि तिच्या जागी एक माणूस लिहा. फराळाचं ताट शेजारी पाठवायची रीत आपल्याकडे आहेच. यंदा एक ताट अशा घरी जाऊ दे, जिथे कुणी जात नाही.

शेवटचं, जरा हळू आवाजात. काही घरांत यंदा एक खुर्ची रिकामी असेल. कुणी परदेशात एकटं असेल, कुणाची नोकरी गेली असेल. अशा वेळी 'हॅपी राहा ना, नाताळ आहे' म्हणू नका. शेजारी बसा. आणि तुम्हालाच खूप जड जात असेल, तर घरच्यांशी, धर्मगुरूंशी बोला, किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो टोल-फ्री आहे आणि चोवीस तास चालतो. मदत मागितली म्हणजे विश्वास कमी पडला, असं मुळीच नाही. मरिया आणि योसेफ यांनीही त्या रात्री दारं ठोठावलीच असतील ना?

हा भाग अशा एका माणसाला पाठवा, ज्याची यादी अजून संपलेली नाही. नाताळाच्या मनापासून शुभेच्छा. भेटू पुढच्या भागात!